सुटे शब्द नकोत, एक बातमी छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळा-महाविद्यालयांतल्या मुलांसाठी मराठी वृत्तपत्रे इंग्रजी शब्दांचे सदर चालवतात, त्याबद्दल हे पत्र. रोज दहा शब्द, समोर एकेक मराठी अर्थ, जागा उरली तर एखादे वाक्य, अशी त्याची सर्वसाधारण मांडणी. मुले ती कात्रणे वहीत चिकटवतात, पाठही करतात. पण उताऱ्यात किंवा मुलाखतीत तोच शब्द पुढे आला की अडखळतात. शब्द कुणासोबत येतो, वाक्यात कुठे बसतो, हे त्यांनी पाहिलेलेच नसते. आमची सूचना साधी आहे. आठवड्याला अडीचशे ते तीनशे शब्दांची एकच इंग्रजी बातमी छापा आणि सहा दिवस तिच्यावरच काम करून घ्या. आणि सुरुवात करा ती लोप पावत चाललेल्या एखाद्या भाषेच्या बातमीपासून.

याच विषयाचा आग्रह का, तेही सांगतो. अशा बातम्यांची शब्दसंपत्ती मर्यादित असते. बातमी अंदमानची असो, दक्षिण आफ्रिकेची असो की तुर्कस्तानातल्या शिट्टीच्या भाषेची, ‘स्पीकर’, ‘फ्लुएंट’, ‘जनरेशन’, ‘एल्डर’, ‘एक्स्टिंक्ट’, ‘प्रिझर्व्ह’, ‘रिव्हाइव्ह’, ‘रेकॉर्ड’, ‘ॲन्सेस्टर’ असे वीस-पंचवीस शब्द पुन्हा पुन्हा येतातच. एकदा भेटलेला शब्द कुणाच्याच लक्षात राहत नाही. वेगवेगळ्या वाक्यांत सात-आठ वेळा भेटला की तो आपला होतो. या विषयावरच्या तीन-चार बातम्या वाचल्या की ही उजळणी आपोआप होते.

दुसरे कारण आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटते. यातले बरेच शब्द मुलांना आधीपासून ‘येत’ असतात, आणि नेमकी तिथेच गफलत होते. मराठीत आलेल्या इंग्रजी शब्दाचा अर्थ बहुधा आक्रसलेला असतो. ‘स्पीकर’ म्हणजे वाजणारा स्पीकर, फार तर विधानसभेचे अध्यक्ष. ‘डॉक्युमेंट’ म्हणजे आधार कार्डाची झेरॉक्स आणि उत्पन्नाचा दाखला. ‘स्क्रिप्ट’ म्हणजे सिनेमाची संहिता. ‘आयसोलेशन’ म्हणजे करोनातला विलगीकरण कक्ष. ‘क्रिटिकल’ म्हणजे अतिदक्षता विभागातला पेशंट. आता हेच शब्द घेऊन भाषेच्या बातमीत शिरा. ‘लास्ट स्पीकर’ म्हणजे ती भाषा बोलणारी शेवटची व्यक्ती. मोबाइलवरचे भाषांतर त्याचे ‘शेवटचा वक्ता’ करून मोकळे होते, आणि मूल सभेत शेवटी भाषण करणारा माणूस डोळ्यांपुढे आणते. ‘डॉक्युमेंटेशन’ म्हणजे कागदपत्रे नव्हेत. बोलणाऱ्यांचा आवाज मुद्रित करणे, ते बोलणे लिहून काढणे, अर्थ लावणे, कोश आणि व्याकरण तयार करणे, हे सगळे काम त्या एका शब्दात येते. ‘स्क्रिप्ट’ म्हणजे लिपी. माहीत असलेल्या शब्दाची ही दुसरी बाजू यादीतून कधीच कळत नाही, कारण ‘हा तर येतो’ म्हणून मूल यादीत तो ओलांडून पुढे जाते.

उदाहरणादाखल एकच बातमी घेतो. (पत्रात इंग्रजी वाक्ये देवनागरीत लिहिली आहेत, सदरात अर्थातच रोमन लिपी हवी.) अंदमानातल्या बो भाषेच्या शेवटच्या भाषक बोआ सीनियर २६ जानेवारी २०१० रोजी, सुमारे ८५ व्या वर्षी वारल्या. जगभरच्या वृत्तपत्रांनी ही बातमी छापली होती. तिच्या तपशिलावरून मुलांसाठी बेतलेली पहिली दोन वाक्ये अशी असू शकतील: ‘बोआ सीनियर, द लास्ट स्पीकर ऑफ बो, डाइड इन द अंदमान आयलंड्स इन जॅन्युअरी २०१०. फॉर मेनी इयर्स, शी हॅड नो वन टू टॉक टू इन हर मदर टंग.’

एवढ्या दोन वाक्यांत एका तासाचे काम आहे. नावानंतरच्या दोन स्वल्पविरामांमधला मजकूर नावाचीच ओळख करून देतो. तो झाकून वाचला तरी वाक्य उभे राहते. मुलांना तो बोटाने झाकायला लावा. लांब वाक्याची भीती निम्मी तिथेच जाते. पुढे ‘डाइड’. मराठीत आपण ‘वारल्या’ आणि ‘वारल्या आहेत’ दोन्ही सहज म्हणतो, म्हणून मुले ‘हॅज डाइड इन जॅन्युअरी २०१०’ लिहितात. गेलेल्या काळाची तारीख वाक्यात असली की ‘हॅज’ चालत नाही, हा नियम सांगण्यापेक्षा वाक्यातली तारीख अधोरेखित करून दाखवावी. आणि शेवटी ‘नो वन टू टॉक टू’. बोलायला कुणी नव्हते, या आपल्या रचनेत शेवटच्या ‘टू’ला जागाच नाही, म्हणून ‘नो वन टू टॉक’ एवढेच लिहून दहापैकी सात-आठ मुले थांबतात. ‘समवन टू प्ले विथ’, ‘समथिंग टू राइट ऑन’, ‘अ हाउस टू लिव्ह इन’ ही आणखी तीन उदाहरणे लगेच फळ्यावर लिहिली तर शेवटच्या छोट्या शब्दाकडे त्यांचे लक्ष जाऊ लागते. ‘टंग’च्या स्पेलिंगमध्ये शेवटची ‘यू’ आणि ‘ई’ ही दोन अक्षरे उच्चारात नाहीत, हेही त्याच वेळी.

आता पद्धत. बातमीतले किती शब्द अनोळखी असावेत याला मर्यादा आहे. वाचनाच्या अभ्यासातून पुढे आलेला आणि सर्वत्र वापरला जाणारा ठोकताळा असा की मदतीशिवाय आरामात वाचायचे तर शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे हवेत, आणि शिक्षक किंवा टिपांची मदत असेल तर पंचाण्णव. म्हणजे तीनशे शब्दांच्या बातमीत अनोळखी शब्द सहा ते पंधराच्या दरम्यान हवेत. आठवी-नववीसाठी आम्ही दहा धरू. वृत्तसंस्थेची बातमी जशीच्या तशी उचलली तर हा आकडा तीस-चाळीसवर जातो, मूल तिसऱ्या ओळीत दमते. शिवाय त्यात स्वामित्वहक्काचा प्रश्न आहे. खरे तपशील घेऊन तुमच्या संपादकीय विभागानेच सोप्या इंग्रजीत बातमी नव्याने लिहावी, हे उत्तम.

पहिल्या दिवशी फक्त वाचन. शब्दकोश बंद, मोबाइल लांब. कोण, कुठे, कधी आणि काय घडले, एवढीच चार उत्तरे मराठीत लिहायची. ओळीमागून ओळ मराठीत सांगण्याची सवय शिक्षकांनी इथे टाळावी. एकदा मराठी कानावर पडले की मुलांची नजर इंग्रजी ओळीवरून उठते ती पुन्हा खाली येत नाही.

दुसऱ्या दिवशी दहा अनोळखी शब्दांची छाननी. बोलताना-लिहिताना लागतील असे पाच-सहा एका बाजूला. नुसते ओळखता आले तरी पुरे असे तीन-चार दुसऱ्या बाजूला. ‘फ्लुएंट’ पहिल्या गटात. ‘ऑर्थोग्राफी’ (लेखनपद्धती) दुसऱ्या. सगळे दहा शब्द सारख्याच जोराने पाठ करायला लावले की कामाचा शब्द आणि बिनकामाचा शब्द एकाच भावाने विसरले जातात.

तिसऱ्या दिवशी शब्दाचे शेजारी. वहीचे पान उभे दुमडून डावीकडे शब्द, उजवीकडे बातमीतलाच तीन-चार शब्दांचा तुकडा उतरवायचा, आणि मराठी अर्थ पानाच्या मागे. समोरासमोर अर्थ लिहिला की डोळा थेट मराठीकडेच जातो. ‘फ्लुएंट’ पुढे ‘फ्लुएंट इन बो’ लिहिले की ‘फ्लुएंट ऑफ’ किंवा ‘फ्लुएंट अबाउट’ होत नाही. ‘पास डाउन’ एकटे लिहू नये, ‘पास डाउन टू देअर चिल्ड्रन’ लिहावे. ‘एक्स्टिंक्ट’च्या आधी ‘बिकम’ लिहावे; नाहीतर ‘द लँग्वेज एक्स्टिंक्टेड’ असे क्रियापद मुले स्वतःच घडवतात. माणूस ‘डाइज’, भाषा किंवा प्रथा ‘डाइज आऊट’, हा फरकही इथेच नोंदवायचा. आणि ‘एन्डेंजर्ड’ व ‘डेंजरस’ यांची अदलाबदल तर उत्तरपत्रिकांत हटकून दिसते. ‘डेंजरस लँग्वेज’ म्हणजे धोकादायक भाषा, दुसऱ्याला इजा करणारी. बातमीतली भाषा स्वतः धोक्यात आहे. ‘इन डेंजर’ हा तुकडा आधी पक्का करून मग ‘एन्डेंजर्ड’ दिले तर ही चूक बरीच कमी होते. ‘रिव्हाइव्ह’ आणि ‘रिव्हाइज’, ‘प्रिझर्व्ह’ आणि ‘रिझर्व्ह’ या जोड्यांचेही तसेच. त्या एकाच दिवशी एकत्र शिकवू नयेत, एक पक्का झाल्यावर आठवड्याने दुसरा द्यावा. दिसायला सारखे शब्द एकाच वेळी शिकवले की ते एकमेकांत मिसळतात, आणि ती मिसळ मग वर्षभर सुटत नाही.

चौथ्या दिवशी शब्दाचे कुटुंब: ‘स्पीक’, ‘स्पोकन’, ‘स्पीकर’, ‘एक्स्टिंक्ट’, ‘एक्स्टिंक्शन’, ‘फ्लुएंट’, ‘फ्लुएन्सी’. ‘रेकॉर्ड’ इथे खास लक्ष देऊन शिकवावा. नाम असेल तेव्हा उच्चाराचा जोर पहिल्या भागावर, क्रियापद असेल तेव्हा दुसऱ्यावर. भाषेच्या बातमीत दोन्ही रूपे हमखास येतात, त्यामुळे मोठ्याने वाचताना फरक कानाने पकडता येतो.

पाचवा दिवस आम्ही आकड्यांना आणि दाव्यांना देऊ, कारण परीक्षेच्या तयारीत हा भाग पूर्णपणे राहून जातो. बोआ सीनियर यांच्या बातमीत अनेक ठिकाणी ‘६५,००० वर्षे जुनी भाषा’ असे छापले गेले. अंदमानातले लोक फार प्राचीन काळापासून तिथे राहत आहेत, या अनुमानाची ही भाषेवर केलेली उडी आहे. लोकांची वस्ती जुनी असली तरी त्यांची भाषा पिढ्यान्‌पिढ्या बदलतच असते; हजारो वर्षे गोठून राहिलेली भाषा जगात कुठेच नाही. चांगल्या बातमीत अशा ठिकाणी ‘इज बिलीव्हड टू बी’, ‘मे हॅव’, ‘अकॉर्डिंग टू’ हे सावध शब्द असतात. मुलांना ते वर्तुळात घ्यायला सांगा, मग ते काढून वाक्य पुन्हा वाचायला सांगा. अनुमान आणि विधान यांतला फरक व्याकरणाच्या पुस्तकातल्या कोणत्याही धड्यापेक्षा इथे स्वच्छ कळतो. ‘दर दोन आठवड्यांनी एक भाषा मरते’ हे वाक्यही असेच सर्रास छापले जाते. धोक्यातल्या भाषांची सूची करणाऱ्या भाषावैज्ञानिकांनी नोंदी तपासल्या तेव्हा हे प्रमाण साधारण तीन-साडेतीन महिन्यांना एक असे निघाले. तेही गंभीरच आहे. फुगवलेला आकडा छापायची गरज नाही.

सहाव्या दिवशी बातमी बंद ठेवून पाच-सहा वाक्यांत ती पुन्हा इंग्रजीत लिहायची, निवडलेल्या शब्दांपैकी निदान चार वापरून. त्यानंतर शब्दांची उजळणी तिसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने. स्पेलिंग पाच-पाच वेळा उतरवून काढण्यात जो वेळ जातो त्यात ही तिन्ही उजळण्या होतात.

युनेस्कोची धोक्याची श्रेणी या सदरात जरूर द्यावी. अर्थाच्या छटा शिकवायला इतके नेमके साधन क्वचित मिळते. ‘सेफ’पासून ‘एक्स्टिंक्ट’पर्यंत सहा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीची कसोटी एकच, भाषा कोणत्या पिढीच्या तोंडी आहे. बहुतेक मुले बोलतात पण घरासारख्या ठरावीक जागीच, तर ‘व्हल्नरेबल’. मुले घरात मातृभाषा म्हणून शिकेनाशी झाली, तर ‘डेफिनिटली एन्डेंजर्ड’. आजी-आजोबा बोलतात, आई-वडिलांना कळते पण ते मुलांशी किंवा आपसांत बोलत नाहीत, तर ‘सिव्हिअरली एन्डेंजर्ड’. आजी-आजोबांच्या पिढीतच, तीही अर्धीमुर्धी आणि कधीमधी, तर ‘क्रिटिकली एन्डेंजर्ड’. चार काल्पनिक घरांचे वर्णन देऊन पायरी ओळखायला सांगितले की ‘डेफिनिटली’, ‘सिव्हिअरली’, ‘क्रिटिकली’ यांचा चढता क्रम मुले विसरत नाहीत. यादीत या तिन्हींपुढे ‘अत्यंत’, ‘गंभीरपणे’, ‘अतिशय’ असे काहीतरी छापलेले असते, त्यातून क्रम मुळीच कळत नाही. ‘व्हल्नरेबल’ हा शब्द आपल्याकडे सरकारी कागदातही आहे. आदिम जमाती असे ज्यांना म्हटले जाई, त्या समूहांचे केंद्र सरकारचे अधिकृत इंग्रजी नाव २००६ मध्ये बदलले आणि त्यात ‘प्रिमिटिव्ह’च्या जागी ‘व्हल्नरेबल’ आले. महाराष्ट्रातले कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड त्या यादीत आहेत. तिथे तो शब्द माणसांच्या स्थितीबद्दल आहे, युनेस्कोच्या श्रेणीत भाषेच्या. सदरात दोन्ही वाक्ये एकाखाली एक छापावीत. ‘प्रिमिटिव्ह’, ‘स्टोन एज’ असे शब्द परदेशी बातम्यांत अजूनही आढळतात. तुमच्या बातमीत ते नसावेत, आणि का नसावेत ते टिपेत एका ओळीत सांगावे.

बो भाषेनंतरच्या आठवड्यांसाठी विषय भरपूर आहेत. अंदमानच्याच ‘सारे’ नावाच्या भाषेच्या शेवटच्या भाषक लिचो एप्रिल २०२० मध्ये गेल्या. ग्रेट अंदमानी भाषांचा कोश आणि व्याकरण करणाऱ्या प्रा. अन्विता अब्बी यांना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथल्या पक्ष्यांच्या स्थानिक नावांवर त्यांनी पुण्याचे पक्षितज्ज्ञ डॉ. सतीश पांडे यांच्यासोबत काम केले आहे, ही गोष्ट आपल्या वाचकांना सहसा माहीत नसते. दक्षिण आफ्रिकेत अपिंग्टनजवळ कॅट्रिना इसाऊ या वृद्ध बाई आपल्या घरी मुलांना न्‌लू भाषा शिकवत असत. जिभेने चटकारे काढून उच्चारले जाणारे वर्ण त्या भाषेत डझनावारी आहेत. ‘क्लिक’ म्हणजे माउसचे बटण एवढेच ठाऊक असलेल्या मुलाला इथे त्या शब्दाचा आवाज भेटतो. न्यूझीलंडच्या माओरी लोकांनी १९८२ पासून उभ्या केलेल्या बालवाड्या, जिथे आजी-आजोबांच्या वयाची माणसे लहानग्यांशी फक्त माओरीत बोलतात, त्यांना ‘लँग्वेज नेस्ट’ म्हणतात. ‘रिव्हाइव्ह’, ‘ट्रान्समिट’, ‘इमर्शन’ या शब्दांसाठी ती बातमी घ्यावी. सगळ्याच बातम्या मृत्यूच्या नसाव्यात.

पण महाराष्ट्राच्या वृत्तपत्राने पहिल्या महिन्यातच एक बातमी बुलढाणा जिल्ह्यातून द्यावी, असा आमचा आग्रह आहे. जळगाव जामोद तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी निहाली भाषा बोलली जाते. भाषक दोन ते अडीच हजारांच्या आसपास. कोरकू, मराठी आणि हिंदी यांच्या शेजारात राहून तिने पुष्कळ शब्द घेतले आहेत. दोन, तीन, चार या संख्यांची नावे तर द्राविडी वळणाची आहेत. तरीही तिचा गाभा कोणत्याही ज्ञात भाषाकुलाशी जुळल्याचे सिद्ध झालेले नाही. अशा भाषेला इंग्रजीत ‘लँग्वेज आयसोलेट’ म्हणतात. करोनातला ‘आयसोलेशन’ माहीत असलेल्या मुलाला तो शब्द समजायला वेळ लागणार नाही. फक्त इथे कुणी तिला वेगळे काढलेले नाही, नातेवाईकच सापडत नाहीत, एवढे स्पष्ट करावे लागेल. २०११ च्या जनगणनेतल्या १२१ भाषांच्या यादीत ती दिसत नाही, कारण दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषा तिथे स्वतंत्र दाखवलेल्या नाहीत. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेची लुप्तप्राय भाषांची योजना २०१३ मध्ये सुरू झाली, तिचीही मर्यादा तीच. त्यामुळे ‘थ्रेशोल्ड’, ‘सेन्सस’, ‘मदर टंग’, ‘बायलिंग्वल’, ‘बॉरो’ हे शब्द या एका बातमीत नैसर्गिकपणे बसतात. ‘बॉरो’ आणि ‘लेंड’ यांत गोंधळणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. ‘निहाली हॅज बॉरोड वर्ड्स फ्रॉम कोरकू’ हे वाक्य पाठ झाले की ‘फ्रॉम’ही पक्का होतो आणि घेणारा कोण, देणारा कोण, हेही.

छपाईबाबत दोनच गोष्टी. बातमी आणि टिपा एकाच पानावर, पण टिपा बातमीच्या खाली द्या, शेजारच्या स्तंभात नकोत. शेजारी असल्या की मूल आधी टिपा वाचते. आणि उत्तरे उलटी छापून त्याच अंकात देण्याऐवजी पुढच्या आठवड्याच्या बातमीखाली द्या, म्हणजे जुनी बातमी शोधून पुन्हा उघडावी लागेल आणि शब्दांची आठवड्याची उजळणी त्यातच होऊन जाईल.

आपले,
इंग्रजी विषयाचे काही माध्यमिक शिक्षक,
पश्चिम विदर्भ